शेवटचे तीन ठिपके

९ मे १९९९, आरमोरी

नाही खोडणार! हैदराबादहून माझ्या पीएचडीच्या सरांचं पत्र: आलेखावरचे शेवटचे तीन ठिपके काढ, नाहीतर विषय बदल. खाली — "दुसरा जाहिद होऊ नकोस." जाहिद म्हणजे आमच्या लॅबमधला जुना विद्यार्थी. हात कच्चा म्हणून सरांनी काढून टाकलं, आता चंद्रपुरात औषधाचं दुकान चालवतो. माझा हात कच्चा नाही. प्रयोग तीनदा केलाय!

१० मे

पुन्हा मांडून बघते. वाढीचा निरोप पेशीच्या बाहेरून येतो, आवरणातल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, भेटतो. अडॅप्टर प्रथिन एका हाताने रिसेप्टर धरतं, दुसऱ्या हाताने पुढचं प्रथिन. स्वतः काहीच करत नाही, नुसतं दोघांना जवळ आणतं. मग निरोप आत जातो. म्हणून मी पेशीत अडॅप्टर वाढवत नेलं. निरोप वाढला, वाढला — आणि मग शेवटच्या तीन ठिपक्यांत धाडकन उतरला. का??

१२ मे

डोकं चालत नाही.

१३ मे

सापडलं!

अब्बा तलावातली मासळी बर्फाच्या गाडीवर चढवून देतात. जाळं त्यांचं नाही, गाडीही नाही. दरवर्षी एकटेच जाळं टाकणाऱ्या ढिवरांशी बोलतात आणि गाडीवाल्याशीही. यंदा मासळी भरपूर, म्हणून हाताखाली सहा जण घेऊन काम त्यांच्यावर सोपवलं. आज सकाळी मनसारामभाऊ ढिवर अंगणातच तडकले, "अयूबभाऊ, मासे सडले ना जी! तुमचे तीन माणसं आमच्यापाशी बसून राह्यले, तीन गाडीपाशी. गाडीले तलावावर कोनी आणलंच नाई!"

अब्बांची मान खाली. "मले वाटलं, मानसं जास्त तं काम लवकर."

मी चहा तसाच टाकून आत पळाले. माझंही नेमकं हेच झालंय! अडॅप्टर फार झालं की एक अडॅप्टर रिसेप्टर धरून बसतं, दुसरं पुढचं प्रथिन. दोन्ही हात भरलेलं एकही नाही. मनसारामभाऊंचं नुकसान झालं आणि मी खुशीत — लाज वाटली. थोडीशी.

१४ मे

एसटीडीवरून सरांना फोन. म्हटलं, जास्त अडॅप्टरच्या पेशींतून रिसेप्टर ओढून काढा. सोबत अडॅप्टर येईल, पुढचं प्रथिन येणार नाही. आलं तर ठिपके मी स्वतः खोडते! सरांनी सगळं लिहून घेतलं. मग, "मीच करून बघतो."

२१ मे

माझंच खरं! सरांचा फोन शेजारच्यांकडे आला. रिसेप्टरसोबत अडॅप्टर भरपूर, पुढचं प्रथिन जवळजवळ नाहीच. ठिपके राहणार! अम्मीने शेवया केल्या. अब्बांना सगळं समजावलं तर म्हणाले, "मंजे माहे मासे सडले ते तुया कामी आले."

२२ मे

सरांचा पुन्हा फोन. कपाटातून त्यांनी जाहिदभाईंची जुनी वही काढली. तोच प्रयोग, तोच उतार. शेवटचे तीन ठिपके लाल पेनाने खोडलेले — सरांच्याच.

आणि मीही दोन वर्षं त्यांना कच्च्या हाताचे म्हणत आले.

उद्या पहिल्या एसटीने चंद्रपूर.