तुझ्या नावावरचं वेड

आये, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता बारा वर्षं झाली. तरी सकाळपासून चौथ्यांदा कागद घेऊन बसलोय. मध्येच उठतो, चहा टाकतो, तो न पिताच परत येतो. एका जागी बूड टिकत नाही.

मावळात कान्हे स्टेशनच्या पुढे डोंगराखाली आपलं घर. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीला लागलो होतो आणि आबांनी माझ्यासाठी मुलगी पाहिली होती. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी तू चुलीपुढे तांदळाच्या भाकरी थापते आहेस आणि मी तुझ्या पाठीला सांगतो आहे, "आये, मला लगीन नको. बाईमाणसाकडं माजं मन जातच न्हाई. खोलीवर सोबती ऱ्हातो ना, त्याच्यातच जीव गुतलाय." तुझा हात थांबला नाही. "कुणाला बोललास?" "न्हाई." "मग बोलू बी नको." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाहुणे ओसरीवर बसले आणि तू पदर सावरत बाहेर येऊन म्हणालीस, "पोराच्या डोक्यात बिघाड हाय. आपल्याशीच बडबडतो. तुमची पोर जानूनबुजून खड्ड्यात लोटू नका." पाहुणे चहाही न घेता उठले. आबा तुझ्या अंगावर धावले. मी दारात उभा, अंगाचा तिळपापड झालेला. मनातलं जन्मात एकदा कुणाला सांगितलं, तर सख्ख्या आईनं त्याला वेड ठरवलं! त्याच दुपारी गाडी पकडली. दोन वर्षं गावाकडे फिरकलो नाही. झोप उडाली. आपण खरंच वेडे तर नाही ना, या विचारानं डोकं पोखरलं. सोबती जवळ बसला तरी मी त्याला झिडकारायचो.

डेपोत जो तो विचारायचा, लग्न कधी? एकदा वैतागून मी सांगून टाकलं, "आमची आई वेडी हाय. असल्या घरात पोरगी कोन देनार?" त्या दिवसापासून विचारणं बंद झालं. फार सोपं गेलं, आये.

मग तू अचानक खोलीवर आलीस, डोक्यावर आंबेमोहर तांदळाचं गाठोडं. डेपोतलं माझं बोलणं कानावर गेलेल्या शेजारणीनं आपलं पोर मागे ओढलं आणि लांबूनच पाण्याचा तांब्या सरकवला. "मावशी, आता डोकं बरं आहे ना?" तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मी खाली पाहत होतो. "व्हय बाय," तू म्हणालीस, "मदी मदी फिरतं. आता बरं हाय."

परतताना फलाटावर तू त्या वेडाचा विषयच काढला नाहीस. "ती पोर चांगल्या घरी पडली. तू बी सुटलास," म्हणालीस. तू मला कधीच वेडा समजली नव्हतीस, हे तेव्हा कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तुझाच प्रश्न आला, "तुज्या सोबत्याला भात आवडतो का रं?" गाडी आली. मी नुसती मान हलवली.

आवडतो त्याला. अजूनही आंबेमोहर तोच निवडतो, मला हात लावू देत नाही.

परवा नव्या शेजाऱ्यानं विचारलं, लग्न का केलं नाहीत? या खेपेला तुला मध्ये आणायचं नाही, असं ठरवलं होतं. तरी तोंडातून गेलंच, "आमची आई वेडी होती."