आशीर्वाद देणारा पायलट

३ जुलै
पेणहून पायलट आला. टेम्पोतून, दोन गणपतींच्या मध्ये, पेंढ्यात गुंडाळून. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या या संग्रहालयात मालक शरदरावांनी जुने ट्रक, जीपगाड्या, एक रोड रोलर आणि एक निवृत्त विमान आणून ठेवलंय. विमान रिकामं रिकामं दिसतं म्हणून त्यांना त्यात पायलटचा पुतळा हवा होता. स्वस्तात होतो म्हणून ऑर्डर दिली गणपतीच्या कारखान्यात. आता भोगा. वर्दी ठीक, टोपी ठीक, चेहरा मात्र थेट देवाचा! मोठे पाणीदार डोळे, सगळ्या जगावर कृपा करणारे. हात सॅल्यूटचा सांगितला होता, आला आशीर्वादाचा.

कारखान्याच्या हरेशला फोन लावला. "मॅडम, सीझन हाय. आखणी करणाऱ्याचा हात बसलाय, डोळे काढायला घेतले की तेच येतात. गणपती झाले की बदलून देतो." सोंड लावली नाही हेच उपकार.

हात वर असल्यामुळे कॉकपिटचं झाकण लागेना. शेवटी पंखाखाली उभा केला.

४ जुलै
सकाळी पायलटच्या पायाशी नारळ. आमच्या वॉचमनचं, काळुरामचं काम. "नवी गाडी घेतली की फोडतो ना बाई? मंग विमानाला नको?" आयुष्यभर रोह्यात मुलांना विज्ञान शिकवलं. रिटायर झाल्यावर घर खायला उठलं म्हणून इथे लोकांना माहिती सांगायचं काम धरलं. आता बहुतेक पुजारीण होऊनच सुटेन.

८ जुलै
अनय शिफ्टवरून आला आणि जर्मनीच्या व्हिसाचं पुन्हा सुरू. मुलाखत झाली आहे, निकाल यायचाय. धाटावच्या केमिकल कंपनीला कंटाळलाय पोरगा. कपड्यांना येणारा तो वास मी रोज धुते, मला कळत नाही का? "येईल रे," म्हणते.

आतून वाटतं, न येवो. त्याचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. हे फक्त इथे लिहिते. बाहेर बोलले तर लोक म्हणतील, ही कसली आई.

११ जुलै
शेजारची रशिदा पायलट बघायला आली. "मी हात नाय जोडले हां श्यामलाताई. सलाम केला. वर्दीतला माणूस हाय, सलामाला काय हरकत?" तिच्या मुलाचा, फुरकानचा कतारचा व्हिसा कधीचा अडकलाय, तेही पुतळ्याच्या कानात सांगून आली. तो आतून पोकळ आहे हे मी तिला सांगितलं नाही.

१६ जुलै
फुरकानचा व्हिसा आला. झालं.

२० जुलै
रशिदा गप्प बसणारी बाई नव्हे. धाटावची शिफ्ट सुटली की आमच्या फाटकापाशी बाइकची रांग. निडीहून आलेल्या एका कुटुंबाने पासपोर्ट पायलटच्या बुटाला लावून घेतले. एवढे ट्रक उभे आहेत, त्यांना कुत्रं विचारत नाही. मी विमान हवेत कसं राहतं ते समजावत होते, तर एक बाई म्हणाली, "ते रावदे. ह्यांचा वार कंचा?" मी वैतागून म्हटलं, सोमवारी बंद असतं. तिने गंभीरपणे मान हलवली. आता सोमवारचा उपास धरणार ती.

शरदरावांना सांगितलं, हे थांबवा. ते गर्दीकडे बघत बसले होते. "हरेशला कळवा, चेहरा बदलायचा नाही." संग्रहालयाचं देऊळ करून टाकलं या माणसाने, आणि वर मलाच म्हणतात, एक चटई टाका.

२५ जुलै
अनयने नवीन बॅग आणली. पलंगावर उघडी ठेवून आत-बाहेर करून बघत होता. मला बघवेना.

संध्याकाळी फाटक बंद करायच्या वेळी नारळ घेऊन गेले. दुकानदाराने विचारलंच, "कुठला व्हिसा, बाई?" पायलटसमोर उभी राहिले. म्हटलं, तुला ऐकू येत नाही, मला माहीत आहे. तू पेणच्या कारखान्यातला, आत हवा आहे नुसती. तरी सांगते. माझ्या अनयला जाऊ देऊ नकोस.

मेल्याने नेहमीसारखं प्रेमाने बघितलं. भयंकर लाज वाटली. पण नारळ उचलून परत आणला नाही.

२६ जुलै
काळुरामने साठलेल्या नारळांची वाटणी केली. आमच्या वाट्याचे घरी आणले. अनयला सोलकढी आवडते, दोन वाट्या प्यायला.

३१ जुलै
अनयचा व्हिसा नाकारला. शिफ्टला गेला नाही, जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी पण ठेवला होता गं नारळ. हसू नकोस."

हसले नाही. पुन्हा अर्ज करता येतो म्हणे. उद्या फाटक उघडलं की सगळ्यांच्या आधी मी जाणार आहे. पायलटला सांगायचंय, माझं ऐकू नकोस. त्याचं ऐक.