रिकाम्या दोरीचा आवाज

प्रिय विसरभोळ्या,

तुला एक आजी आहे. उंची बेताची, रंग उन्हात गेलेला, जीभ मात्र पूर्वी होती तशीच. ओळख पटली असेल तर पुढे वाच. नसेल तर तुझ्या शेजाऱ्याला विचार. मागे मी तुझ्या खोलीवर आले होते तेव्हा त्याच्याशीच माझ्या जास्त गप्पा झाल्या, तू सारखा घड्याळाकडे बघत होतास. आणि हे वळणदार अक्षर बघून दचकू नकोस, या वयात मी शाळेत जायला लागलेली नाही. मी बोलते आहे आणि शिंपीणबाईंची लेक लिहिते आहे, नेहमीसारखी. मला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन ही मुलगी माझं बोलणं जरा गोड करून लिहिते, असा माझा जुना संशय आहे. म्हणून या खेपेला थोडं लिहून झालं की मी तिच्याकडून ते मोठ्याने वाचून घेते आहे. आम्ही तिच्या आईच्या दुकानात, मागच्या अंगाला, कापडाच्या ठाणांमध्ये बसलोय. समोर शिवणयंत्र खडखडतं आहे, त्यामुळे आमचं बोलणं गिऱ्हाइकांना ऐकू जात नाही. घरात बसून सांगावं असं हे पत्र नव्हे.

आधी घरची खबर. छप्पर गळत नाही. माझा गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतोय, तेव्हा ती काही खबर नव्हे. तुझ्या आजोबांचा डोळा बरा झाला. बरा झाला म्हणजे जखम भरली, दिसत त्याने काही नाही. डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्याला जपा. दुसऱ्या डोळ्याने दिवसभर करायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. कामाच्या खोलीला आजोबांनी कडी घातली आहे. पटाशा, कानशी, शेवटचा हात फिरवायची ती काच, सगळं एका पोत्यात बांधून पलंगाखाली सारलंय. सकाळी उठले की सवयीने त्या दारापर्यंत जातात, कडीला हात लावतात, आणि मग भिंतीला टेकायलाच आलो होतो असं दाखवतात. माझंही तिकडे लक्ष नसतं असं मी दाखवते. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं नाटक दोघांनाही जमतं. पण तुला सांगते, माणूस जेवतो आहे, झोपतो आहे, आणि तरी घरात नाही, हे मी पहिल्यांदा बघते आहे.

धनुष्य कसं होतं ते तरी तुझ्या लक्षात आहे का रे? की तेही मोठ्या शहराच्या बसमध्ये विसरलास? झाड थंडीत पाडायचं. करवत लावायची नाही, पाचर ठोकून फोडायचं, म्हणजे लाकूड आपल्या रेषेने उलगडतं. फोडून निघालेल्या दांड्यांच्या टोकांना मेण फासायचं, नाहीतर ती घाईने वाळतात आणि तडकतात. मग ते दांडे छताखाली आडवे टाकून वर्षानुवर्षं विसरून जायचं. हे तयार कधी होणार, असं तू विचारायचास, आणि आजोबा म्हणायचे, तुझं लग्न ठरेपर्यंत. दांडे बिचारे वेळेत वाळले. मग साल काढून पाठ, म्हणजे धनुष्याची बाहेरची बाजू, मोकळी करायची. लाकडात वाढीची वलयं असतात, त्यातलं एकच वलय पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. ते कुठे चिरलं तर धनुष्य आज ना उद्या तिथेच मोडायचं. तासायचं ते पोटाकडून, ओढणाऱ्याच्या बाजूने. मग खांबावर टांगून थोडं ओढायचं, कुठे ताठ राहतंय ते बघायचं, तिथून काचेने पापुद्रे काढायचे, पुन्हा थोडं जास्त ओढायचं. आजोबा म्हणायचे, लाकडाला वाकायला शिकवावं लागतं, आणि शिकवलंय त्याहून जास्त त्याच्याकडे मागायचं नाही. माणसांच्या बाबतीत त्यांनी हा नियम कधी पाळला नाही, मला विचार. लाकडाच्या बाबतीत मात्र कधी मोडला नाही. आणि दोरी माझी. ताग मांडीवर पिळायचा आणि मेण चोळायचं, हे काम मी या घरात आल्यापासून करते, आणि त्या दोरीला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही.

मागच्या सुट्टीत तू आलास तेव्हा खुंटीवर होतं ते धनुष्य दाढीवाल्या शिकाऱ्याचं. त्याच्या बापालाही आजोबांनीच दिलं होतं. या वेळचा दांडा इतका सरळ होता की आजोबा त्याच्याशी बोलायचे, माझ्याशी बोलत नाहीत इतकं. तू बसमध्ये चढेपर्यंत ते तुला त्याचंच कौतुक सांगत होते, आणि तू मान डोलावत होतास. तू गेलास आणि पुढच्याच आठवड्यात शिकारी आला. आजोबांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी धनुष्य स्वतः पुरतं ओढून दाखवायचं. मोडायचं असेल तर माझ्या तोंडावर मोडू दे, लोकांच्या नको, असं हसत म्हणायचे. अंगणात उभे राहिले, दोरी चढवली, बाण लावला, गालापर्यंत ओढलं. आणि ते त्यांच्या तोंडावर मोडलं. वरचा अर्धा भाग उलटा आला आणि त्याची ढलपी डोळ्यात गेली. मी दारात उभी होते. त्यांनी एका हाताने तोंड झाकलं, आणि दुसऱ्या हातातला तुकडा काही केल्या सोडेनात.

शिकारी वाईट माणूस नाही. त्यानेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्यानेच आणून सोडलं. जाताना मात्र उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आजोबा, तुमचा हात गेला आता." डोळ्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि खरं सांगते, डोळ्याचं आजोबांनाही फारसं काही नव्हतं. हे वाक्य मात्र आत उतरलं. पुढे कित्येक दिवस ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसायचे. धनुष्य मोडलं होतं, दोरी शाबूत होती. ती सोडवून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझं काम चांगलं होतं. माझं नव्हतं." इतक्या वर्षांत माझ्या कामाला चांगलं म्हणायची ही पहिली वेळ, आणि ती अशी वाया घालवली या माणसाने. मग नखाने पाठ चाचपत बसायचे, वलय कुठे चिरलंय ते शोधत. एवढं शोधलं की काहीतरी सापडतंच. एका दुपारी मला हाक मारली, एका जागी माझं बोट धरून ठेवलं आणि म्हणाले, इथे माझी पटाशी खोल गेली. माझ्या बोटाला काही लागलं नाही. पण त्यांचा चेहरा असा शांत झाला होता की मला भीती वाटली.

त्यानंतर तुझं पत्र आलं. या मुलीनेच वाचून दाखवलं. किती काळजीने लिहिलं होतंस रे, माझ्या राजा. आजोबा, वय झालं की नजर चुकणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आता हे काम सोडा आणि आराम करा. वाचताना हिचा आवाज बसला. मला वाटलं, सर्दी झाली असेल. आजोबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले, पोरगं बरोबर बोलतंय. दुसऱ्या दिवशी सरपण विकणारा लाकूडवाला गाडी घेऊन आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. घरात एवढं लाकूड पडलंय, विकत कशाला घ्यायचं, म्हणाले. शिडी लावली, छताखालचा एक दांडा उतरवला, कुऱ्हाडीने त्याचे तुकडे केले आणि चुलीपाशी आणून रचले. पहिला गेला तो तुझा. तुझ्यासाठी बाजूला ठेवलेला, सगळ्यात जुना. त्याला आता नकोच आहे ना, म्हणाले. त्यावर मी बटाटे उकडले. सरपण म्हणून त्या लाकडाला तोड नाही, बाळा. धूर नाही, ठिणगी नाही, आच एकसारखी. बटाटे लोण्यासारखे झाले होते. आजोबांनी पुन्हा वाढून घेतलं, आणि मी ताट तसंच उचललं. तेव्हापासून चूल पेटवायची वेळ झाली की एक दांडा खाली येतो. मी गुपचूप बाजारातून मोळी आणली तर ओली आहे म्हणून त्यांनी ती अंगणात फेकून दिली.

आता पुढचं जसंच्या तसं लिही असं मी हिला बजावलंय. रडायचं असेल तर कागद बाजूला ठेवून रड, शाई पसरते. परवा मी हिच्याकडे आले होते ते तुला साधं पत्र घालायला, की एकदा येऊन आजोबांना समजाव. हिने 'प्रिय' एवढंच लिहिलं, लेखणी ठेवली आणि सगळं सांगितलं. तुझ्या त्या सुट्टीत एक दिवस माझा गुडघा दाखवायला आम्ही दोघं दवाखान्यात गेलो होतो, आणि ही आमच्या उशांचे अभ्रे शिवून द्यायला आली होती. तू खुंटीवरून शिकाऱ्याचं धनुष्य काढलंस, दोरी चढवलीस, आणि हिला दाखवायला गालापर्यंत ओढलंस. छान दिसत होतास म्हणे. हे ती लिहायला तयार नव्हती. बाण लावलेला नव्हता. आणि तू दोरी सोडलीस. कोरं कापड टरकन फाटावं तसा आवाज आला, असं ही म्हणते, आणि त्या आवाजाच्या आत आणखी एक बारीकसा, टिचल्यासारखा. बाण असला की ओढीचं सगळं बळ बाण घेऊन जातो. नसला की ते मागे फिरून लाकडातच शिरतं. हे तुला तुझं नाव नीट सांगता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. तू धनुष्याच्या पाठीवरून बोट फिरवलंस, एका जागी थांबवलंस, हसलास, हिला म्हणालास कुणाला सांगू नकोस. मग दोरी उतरवलीस, फडकं तेलात बुडवलंस, त्या जागेवर चीर दिसेनाशी होईपर्यंत चोळलंस, आणि धनुष्य होतं तिथे टांगलंस. दोरी हातून सुटते रे, कुणाच्याही सुटते. तेल सुटत नाही. तेल तू विचार करून लावलंस. आणि विचार करूनच लिहिलंस की वय झालं, नजर चुकणारच.

आता तुला वाटेल, म्हातारी आजोबांना हे सांगत का नाही. काल सांगितलं. हसले माझ्यावर. माझी समजूत घालायला नातवावर आळ घेतेस होय, म्हणाले. मग मी हिला घेऊन त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, पोरीला पढवून आणलंस. तू असं करणार नाहीस, आणि चुकून केलंच असतंस तर त्याच दिवशी येऊन सांगितलं असतंस, हे ते इतक्या खात्रीने सांगतात की क्षणभर मलाही तू आवडायला लागलास.

म्हणून हे पत्र. तू ये, आणि त्यांच्यासमोर उभं राहून तुझ्या तोंडाने सांग. फोनवर त्यांना निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं ते तुझ्या सोयीचं ऐकतील. माफीची तयारी करून येऊ नकोस, ती मागायची वेळच येणार नाही, आणि तीच तुझी शिक्षा. डोळा तुझ्यामुळे गेला हे ऐकून ते रागावणार नाहीत. ते आधी विचारतील, नक्की का? म्हणजे वलय चिरलं नव्हतं? माझा हात बरोबर होता? आणि तू हो म्हणालास की त्यांना इतका आनंद होईल की तुला जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील, आणि तुला ते सोसावं लागेल. शिव्या हव्या असतील तर त्या माझ्याकडे आहेत, अंगणात नेऊन सवडीने देईन. ही तुझ्याशी बोलणार नाही असं लिहू का विचारते आहे, लिही म्हटलं. दांडे आता थोडेच उरलेत, आणि साहेबापुढे उभं राहून रजा मागायला तुला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे. तोवर आमच्या घरात चूल पेटता कामा नये. तेव्हा रडणं-बिडणं मागाहून कर, आधी बाजारात जा आणि दोन माणसांना पुरेल एवढं खाणं आजच्या गाडीने पाठव. पाव, खजूर, सफरचंदं, बिस्किटं, काहीही चालेल, फक्त शिजवावं लागेल असं काही नको. आणि चहा पाठवू नकोस, त्याला पाणी तापवावं लागतं.

तुझीच,
आजी