सगळ्या वॉर्निंगा बंद करणारी ओळ

चि. धाकट्यास,

सोमवारी प्रयोगशाळेचे रिपोर्ट निघायचे बंद झाले आणि त्याचा लेखी खुलासा माझ्याकडे मागितला आहे, म्हणून हे पत्र. एरवी लिहिलं नसतं. तुझी पाठदुखी कशी आहे? घरची बरी असतील. मी बरी नाही.

तू इथे होतास तेव्हा (मीच तुला चिकटवलं होतं, आई अजून कौतुकाने सांगते) रोज सकाळी रिपोर्ट काढणाऱ्या प्रोग्रामच्या टेस्ट चालवल्या की हिरव्या खुणांखाली दोनेकशे वॉर्निंगा लोंबायच्या. त्यातली एक रोज सांगायची, की तारखा लावणारा हा भाग पुढच्या आवृत्तीत नसेल. मी तुला बजावलं होतं: मूळ कारण दुरुस्त कर; बाहेरून घेतलेल्या, परक्या कोडमधली असेल तर तेवढी एकच, कारण लिहून, गप्प कर; आणि नवी कुठली आली तर टेस्ट नापासच होऊ दे. तू मान डोलावलीस (त्यात तू लहानपणापासून हुशार) आणि सेटिंगमध्ये एक ओळ घातलीस, की कुठलीच वॉर्निंग दाखवू नये. दुसऱ्या दिवशी पडदा लख्ख. साहेब म्हणाले, "बघा बाई, भावाने एका दिवसात कचरा काढला." मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते.

अकरा महिने सगळं लख्ख. गेल्या आठवड्यात सर्व्हरवाल्याने विचारलं, "ताई, नवी आवृत्ती चढवू ना? वॉर्निंग नाही ना काही?" मी "एकही नाही" म्हणून सही केली. सोमवारी एकाही रिपोर्टवर तारीख पडेना, छपाई अडली. एक आजोबा काउंटरसमोर सहा तास उभे होते. त्या कागदावाचून त्यांचं ऑपरेशन पुढे गेलं. त्यांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही, तेच जास्त लागलं.

तुझी,
ताई

ता. क. नव्या ऑफिसातही तू हीच ओळ घातली असशील. मी तुला ओळखते. आजच काढ. पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. दुसरा. खुलाशात तुझं नाव घालायचं म्हणून त्या ओळीची जुनी नोंद उघडली. बदल तुझा, मंजुरी माझी. मंजुरीला लागले नऊ सेकंद. भावाचं काम म्हणून मी वाचलंच नव्हतं. तुझं नाव खोडलं.

आज दुपारी साहेबांकडे सोपवलं: खुलासा, एक पान, माझ्या एकटीच्या नावाने. वॉर्निंगांची यादी, एकूण दोनशे सहा, पैकी चौदा दुरुस्त. बदल मंजूर करण्याचा माझा अधिकारही, परत. पोच घेतली.