प्रशियाचा झेंडा निघत नाही

५ मार्च २००७, रेगेन्सबर्ग, जर्मनी
आमची अन्वी आठवीत. पुढच्या सोमवारी तिचं रेफराट आहे, म्हणजे वर्गापुढे बोलायचं. विषय: फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत कोणता देश कुणाच्या बाजूने. साधना म्हणाली, "अहो, तिचं तिला करू द्या." पण प्लँटमध्ये मी चाळीस सप्लायर सांभाळतो. त्या युद्धांत तेवढे देशही नाहीत. पोस्टर मी करणार. एका संध्याकाळीत.

६ मार्च
केलं. एकीकडे फ्रान्स, समोर ऑस्ट्रिया, प्रशिया, ब्रिटन, स्पेन, हॉलंड. लोक उगाच इतिहासाचा बाऊ करतात. झेंडे चिकटवायला बाउमार्क्टमधून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, धातू जोडायचा ग्लू आणला. जन्मात निघणार नाहीत.

७ मार्च
अन्वीने पुस्तक दाखवलं. १७९५मध्ये प्रशियाने फ्रान्सशी तह केला आणि युद्धातून अंग काढलं. करार अर्धवट टाकून! छपाईची चूक असेल, असं सांगितलं. नंतर नेटवर पाहिलं. नेटवाल्यांनीही तेच पुस्तक वापरलेलं दिसतं.
प्रशियाचा झेंडा निघत नाही. सुरी लावली तर ऑस्ट्रिया फाटला.

८ मार्च, सकाळी ६.१०
स्पेननेही त्याच वर्षी तह केला. पुढच्या वर्षी चक्क फ्रान्सच्या बाजूने! हॉलंडही तिकडेच. कोण कुठे गेला ते दाखवायला लाल बाण काढले. मग त्यांवर निळे.
अन्वी म्हणाली, "बाबा, दास श्टिम्ट निष्ट." म्हणजे हे बरोबर नाही. तिला म्हटलं, बाण जरा लांबून बघायचे असतात.

१० मार्च
रशिया युद्धात आला, चिडला, परत गेला. आला तोही तुर्कांना सोबत घेऊन! दोघांचं जन्माचं वैर. हे पोस्टरवर घालणार नाही. वर्गात कोण विश्वास ठेवेल?
अन्वी शाळेनंतर रोज मैत्रिणीकडे असते. टेन्शन आलं असावं. मी शांत आहे.

१२ मार्च
अन्वीला 'एक' मिळाला. इथे एकच्या वर ग्रेड नाही. भाषणाला तिने मैत्रिणीकडे केलेलं पोस्टर लावलं, असं साधनाकडून कळलं. माझंही नेलं होतं. म्हणजे उपयोग झाला.

१६ मार्च
पालकांना शाळा बघायला बोलावलं होतं. वर्गात माझं पोस्टर, मधोमध, फ्रेममध्ये. साधनाला फोटो काढायला सांगितलं. मग खालची चिठ्ठी वाचली: 'यातल्या चुका शोधा.'
इतिहासाच्या बाईंनी मनापासून आभार मानले. म्हणाल्या, मुलांनी सतरा शोधल्या, एवढा रंगलेला तास वर्षभरात झाला नव्हता.
मी अर्धा तास उभा राहून मोजल्या. अकरा सापडल्या. उरलेल्या सहा अन्वीने दाखवल्या.