चटणीतल्या दोन मुठी

कोल्हापूर, १२ एप्रिल २०२५

चि. दानेश्वरीस शिवलीलाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करत नाही, आमच्या घरात कुजबुजलं तरी सासूबाईंना ऐकू जातं. धाकटी जाऊ रुद्राणी येऊन आठ महिने झाले नि सगळं घर तिच्या तालावर नाचतंय. दारातल्या चपला पायात सहज सरकतील अशा वळवून ठेवते. करपलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेते. भाजीवालीला आत बोलावून पाणी काय देते, तिच्या नातवाची परीक्षा काय विचारते! सगळी सोंगं, दुसरं काय.

येत्या वीस तारखेला वर्षभराची तिखट चटणी कांडायचीय. अकरा वर्षं त्यात मीठ मी घालते, थोरल्या सुनेचा मान तो. सासूबाई म्हणाल्या, यंदा रुद्राणी घालंल की. मी जळतेय गं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?

तुझी, अक्का

गडहिंग्लज, १८ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, अशी सोंगाडी आणखी एक असली तर आमच्या धाकट्या भावाला, मृत्युंजयला बघा की! गाऱ्हाणं करायला बसलीस आणि स्थळाची शिफारस करून मोकळी झालीस. पण अक्का, माझी वेणी लांब म्हणून तू भर जत्रेत रिबन सोडली होतीस. या खेपेला तसलं काही करू नकोस, बाई. रागावलीस तरी लिहीत राहा.

दानू

कोल्हापूर, २६ एप्रिल

चि. दानूस आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा पोचलं. रुद्राणी मीठ घालून हात धुवायला वळली आणि मी आणखी दोन मुठी टाकल्या. संध्याकाळी त्या चटणीची आमटी कुणाला तोंडाला लावता येईना. सासूबाई कडाडल्या. रुद्राणी सासूबाईंना म्हणाली, माझाच अंदाज चुकला की, अत्ती. तिनं मला बघितलं होतं, पक्कं बघितलं होतं. वर दुसऱ्या दिवशी दोन किलो मिरची नव्यानं कांडून आणली आणि चटणी सावरली.

पुढच्या वर्षीपासून मीठ पुन्हा माझ्याकडे. मी तोंड मिटून मान घेतला. खरं सांगावं तर तो जातो, न सांगावं तर घास उतरत नाही. आणि हेवा? तो तर दुप्पट झालाय.

अशी आहे तुझी अक्का, तरी माया पातळ करू नकोस.

शिवलीला

ता. क. पोस्टात रुद्राणीच निघालीय. घरातला डिंक संपलाय, म्हणून पाकीट उघडंच तिच्या हातात देतेय. ती वाचणार नाही. मी असते तर वाचलं असतं.