तिसऱ्या खिडकीचा जुना पत्ता

प्रिय ताई,

तीन वेळा तुझ्या घराच्या जिन्यावरून परत फिरलो. लहानपणी मला स्टुलावर उभं करून भाषणं म्हणायला लावणारी तू, माझं नाव भोंगा ठेवणारीही तूच. त्या भोंग्याला आज तुझ्यासमोर तोंड उघडवत नाही, म्हणून लिहितो आहे. पत्र फाडायचं तर फाड, पण पूर्ण वाचून.

भाऊजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला एवढंच सांगितलंस, "मी चौकशीच्या खिडकीतल्या बाईला नाव दोनदा सांगितलं रे, आडनावासकट. ती म्हणाली, अशी नोंदच नाही." बाकी दोन पानांची तक्रार माझी. 'हा निष्काळजीपणा नव्हे, गुन्हा आहे', 'खिडकीमागे बसणाऱ्याला माणूस दिसत नसेल तर ती खिडकी बंद करा', ही सगळी वाक्यं माझी. तू डोळे पुसत सही केलीस. मला त्या वाक्यांचा अभिमान वाटला होता, ताई. हेही लपवत नाही.

भाऊजी गेले त्या सोमवारी रुग्णालयात आमच्या कॉम्प्युटर विभागाचा नवा सर्व्हर सुरू झाला. रुग्णाचं नाव टाकलं की वॉर्ड आणि खाट शोधून देणारा. चौकशीच्या चारही खिडक्यांवरच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचा नवा पत्ता घालायचा होता. नऊ वाजता मी तीन उरकले. तिसरी खिडकी तेवढी राहिली, तिथे रांग होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "साहेब, एवढी माणसं जाऊ द्या, मग मशीन घ्या." मी म्हटलं, येतो. पण अकरा वाजता सभागृहात उद्घाटन होतं आणि भाषण माझं होतं. फोन बंद करून मी चढलो व्यासपीठावर. 'आजपासून या इमारतीत कोणीही हरवणार नाही,' मी गरजलो. टाळ्या पडत होत्या, तेव्हा भाऊजींना रस्त्यातून कुठल्या रुग्णालयात नेलं ते शोधत तू तिसऱ्या खिडकीपुढे उभी होतीस. मला चार वेळा फोन लावत होतीस. मग तू दुसरी दोन रुग्णालयं पालथी घातलीस. पाचला परत आलीस, दुसऱ्या खिडकीने वॉर्ड सांगितला, आणि तोवर भाऊजींना जाऊन तास उलटला होता.

तक्रार दिल्यावर मी त्या बाईंविरुद्ध पुरावा गोळा करायला गेलो. दुपारी त्या जेवायला उठल्या तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर भाऊजींचं नाव टाकलं. नोंद नाही. शेजारच्या खिडकीवर टाकलं. वॉर्ड सात, खाट एकोणीस, सोमवार, सकाळी पावणेअकरा. परत तिसऱ्या खिडकीवर आलो. सेटिंग उघडलं. पत्ता जुन्या सर्व्हरचा होता. नेटवर्क ठीक, पासवर्ड ठीक, उत्तर क्षणात येत होतं, फक्त ते रविवारपर्यंतच्या यादीतून. जुना सर्व्हर बंद करू या, असं माझा सहकारी म्हणाला होता. मीच म्हटलं, असू दे आठवडाभर, कुणाचं काम अडायला नको. तो बंद असता तर पडद्यावर लाल अक्षरात 'संपर्क होत नाही' आलं असतं. बाईंनी आरडाओरडा केला असता, तुला शेजारच्या खिडकीवर पाठवलं असतं. वीस पावलांवर जिना होता, ताई. वर भाऊजी शुद्धीवर होते.

मी पत्ता बदलला, खुर्ची होती तशी सरकवून ठेवली आणि निघून आलो. सतरा दिवस झाले. आयुष्यभर लोकांच्या गप्प बसण्यावर तोंडसुख घेतलं मी. परवा त्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला यातलं कळतं. एवढंच सांगा, माझ्या हातून नाव चुकीचं पडलं होतं का हो? मला जेवण जात नाही." मी म्हणालो, चौकशीत कळेल.

ती चौकशी उद्या अकराला आहे. तू तक्रारदार म्हणून पुढच्या खुर्चीत असशील, आणि माझी तक्रार वाचून त्यांना कामावरून काढायचं ठरेल. मी उठून उभा राहीन आणि हे सगळं सांगेन, कुठलंही भाषण न करता. पण भर सभेत तुला ते परक्यासारखं कळू नये, एवढ्यासाठी आज हे पत्र. ते दाराखालून सरकवून जातो आहे. त्या बाईंनी तुझं ऐकलं होतं, ताई. नाव अचूक टाकलं होतं, दोन्ही वेळा. उद्या माझ्याकडे बघू नकोस हवं तर, त्यांच्याकडे मात्र एकदा बघ.

तुझाच, अजून तसं म्हणवून घेता येत असेल तर,
भोंगा